मुक्काम नाट्यगृहाजवळ

परदेशी निघालेल्या मराठी माणसाला घरचे आणि दारचे तीन प्रश्न हमखास विचारतात. थंडी किती असेल? खायचे काय करणार? आणि हॉटेल किती स्टारचे आहे? पहिल्या प्रश्नाची सोय स्वेटरने होते. दुसऱ्याची, आमच्या शुक्रवार पेठेत तरी, शेंगाची चटणी आणि कडक भाकरी यांच्या पुडक्याने होते. तिसऱ्याचे उत्तर देताना मात्र आवाज थोडा चढतो. 'फोर स्टार आहे', 'नाश्ता फुकट आहे', 'पोहण्याचा तलावसुद्धा आहे म्हणे', असे सांगताना सांगणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला सारखेच समाधान मिळते. ज्यांनी जन्मात कधी पाण्यात पाय बुडवला नाही त्यांनाही परदेशात पोहण्याचा तलाव हवा असतो. ते हॉटेल आहे कुठे, हा चौथा प्रश्न मात्र कुणी विचारत नाही. सबंध सहलीचे बरेवाईट पुष्कळदा त्या चौथ्या प्रश्नावरच ठरते, असे माझे मत आहे.

आमच्या ओळखीतले एक जोडपे काही वर्षांपूर्वी चीनला जाऊन आले. गृहस्थ जुने नाटकवेडे. बालगंधर्वांच्या तबकड्यांतली जागान् जागा त्यांना पाठ. बीजिंगमधले त्यांचे हॉटेल झकपक होते, पण शहराच्या पार बाहेर, हमरस्त्याच्या कडेला. संध्याकाळी बस तिथे आणून सोडायची. मग जेवण, लिफ्ट आणि खोलीतला चिनी भाषेतला टीव्ही. सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत 'पारंपरिक चिनी ऑपेरा' अशी एक ओळ होती. त्या ओळीच्या नावाखाली त्यांना पाऊण तास एका सभागृहात बसवले गेले. एक गाणे, एक तलवारबाजी, एक कोलांट्यांचा खेळ, मग नटांबरोबर फोटो, आणि चला बसमध्ये! परत आल्यावर मी उत्सुकतेने विचारले, 'कसा वाटला ऑपेरा?' ते म्हणाले, 'नुसता गोंगाट हो! झांजा आणि किंचाळणे.'

मला या उत्तराचे फार वाईट वाटले. चिनी कलेचा अपमान झाला म्हणून नव्हे. ती कला आपली अब्रू सांभाळायला समर्थ आहे. वाईट याचे वाटले की, साऱ्या जगात ज्या रंगभूमीशी आपल्या संगीत नाटकाचे सर्वांत जवळचे नाते लागते, तिच्या दारापर्यंत एक अस्सल रसिक गेला आणि पाहुणचार न घेताच परतला. नातेवाइकाच्या घरी जाऊन ओट्यावरूनच माघारी यावे, तसे.

पुढे आम्ही उभयतांनी बीजिंगला जायचे ठरवले, तेव्हा पहिली गोष्ट केली ती ही की, आधी नाट्यगृहे शोधली आणि मग हॉटेल.

सोलापूरहून चीन किती लांब?

बीजिंगच का, असे कुणी विचारील. सोलापूरकराला चीन तसा परका नाही. डॉ. द्वारकानाथ कोटणीस १० ऑक्टोबर १९१० रोजी याच गावात जन्मले. जपानने चीनवर आक्रमण केल्यानंतर काँग्रेसने १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांचे पथक तिकडे पाठवले, त्यात ते होते. बाकीचे परतले, कोटणीस राहिले. चिनी भाषा शिकले, गुओ छिंगलान या परिचारिकेशी लग्न केले. मुलाचे नाव ठेवले यिनहुआ. त्यातला 'यिन' म्हणजे भारत आणि 'हुआ' म्हणजे चीन. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी ते तिथेच गेले. हपेइ प्रांतातल्या शिजियाझुआंग शहरात हुतात्म्यांच्या स्मशानभूमीत त्यांची समाधी आहे. नॉर्मन बेथ्यून या कॅनेडियन डॉक्टरांची समाधीही तिथेच आहे. भैय्या चौकाजवळचे कोटणीसांचे घर आपल्याकडे स्मारक म्हणून जपले आहे. त्या घराचे दुसरे टोक हे असे हपेइमध्ये आहे. बीजिंगहून वेगवान रेल्वेने तिथे सव्वा-दीड तासात पोचता येते. सोलापुरी माणसाने त्या समाधीवर चार फुले वाहण्यासाठी एक दिवस काढावा, हे सांगायला नको.

२०२० पासून बंद पडलेली भारत आणि चीन यांच्यातली थेट विमाने २०२५ च्या ऑक्टोबरात पुन्हा सुरू झाली. तेव्हा हा विषय निव्वळ स्मरणरंजनाचा नाही. पुष्कळ घरांतून आता तिकडच्या सहलींची बोलणी सुरू होतील, आणि तेच तीन प्रश्न पुन्हा विचारले जातील.

चौथ्या प्रश्नाचे उत्तर

बीजिंगची रचना समजून घेतली तर चौथ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. तिथल्या भुयारी रेल्वेची दोन नंबरची लाईन वर्तुळाकार आहे. जुन्या शहराला पूर्वी जी तटबंदी होती, तिच्या मार्गानेच ती फिरते. या वर्तुळावर पूर्वेला जियानगुओमेन नावाचे स्टेशन आहे. तिथून काही पावलांवर चांगआन नाट्यगृह. पश्चिमेला चेगोंगझुआंग स्टेशनला लागून मेई लानफांग यांच्या नावाचे मोठे नाट्यगृह आहे, ते २००७ साली उघडले. दक्षिणेला छियानमेन, म्हणजे जुनी बाजारपेठ. तिथून थोडे नैर्ऋत्येला गेले की १८०७ साली बांधलेली हुगुआंग मंडळींची धर्मशाळा लागते. हुगुआंग प्रांतांतून राजधानीत येणाऱ्या लोकांनी बांधलेली ही वास्तू; तिच्यात उतरण्याच्या सोयीबरोबर नाटकाचा मंचही होता. परगावी उतरायची जागा आणि नाटक पाहायची जागा एकच असावी, ही कल्पना चिनी लोकांना दोनशे वर्षांपूर्वीच सुचली होती! पुढे १९९० साली तिथल्या एका मोठ्या हॉटेलातच लियुआन नावाचे नाट्यगृह काढले गेले, तेही याच परंपरेला धरून.

तेव्हा नियम साधा. या वर्तुळाच्या कोणत्याही स्टेशनपासून दहा मिनिटे चालण्याच्या अंतरात मुक्काम असावा. खेळ साधारणपणे साडेसातला सुरू होतो आणि दोन-अडीच तासांत संपतो. परतताना टॅक्सीची शोधाशोध नको, मोठ्या हमरस्त्यावर ताटकळणे नको. नाटकाच्या शेवटच्या अर्ध्या तासात 'आता परत कसे जायचे' हा किडा डोक्यात वळवळू लागला की नायिकेने प्राण दिला काय आणि न दिला काय, आपल्याला सारखेच. साठी ओलांडलेल्या माणसाचे तर रसग्रहण निम्मे गुडघ्यांवर अवलंबून असते.

बाकीच्या गोष्टी बारीक आहेत, पण माझी सारी नोकरी दुसऱ्यांच्या अर्जांवरचा बारीक मजकूर वाचण्यात गेल्यामुळे त्या सांगितल्यावाचून राहवत नाही. स्वस्त खोली पाहिली की तिला खिडकी आहे का, ते आधी पाहावे. बिनखिडकीच्या खोल्या तिथे सर्रास भाड्याने देतात. पासपोर्टची नोंद मुक्कामाला पोचल्याबरोबर करून घेतात, तेव्हा मूळ पासपोर्ट हाताशी असावा. पुष्कळ ठिकाणी अनामत रक्कम घेतात. तिची पावती निघेपर्यंत जपून ठेवावी. हॉटेलचे नाव-पत्ता चिनी लिपीत छापलेले कार्ड खिशात असल्याशिवाय बाहेर पाऊल टाकू नये. हरवलेल्या माणसाला त्याच्याइतका आधार दुसरा नाही. पैसे देण्याची मोबाईलवरची सोय निघण्यापूर्वीच जोडून घ्यावी. खोलीत पाणी उकळण्याची किटली बहुधा असतेच, कारण चिनी माणूस गरम पाणी पितो. आपल्या चहाची आणि सुपाची ददात त्यामुळे मिटते. गाद्या कडक असतात. पाठीच्या तक्रारी असणाऱ्यांनी याबद्दल चिनी संस्कृतीचे आभारच मानावेत.

आणि एक पर्याय मी मुद्दाम सुचवीन. जुन्या बीजिंगच्या गल्ल्यांतून, ज्यांना हुतोंग म्हणतात, चौसोपी घरे आहेत. मधे चौक, चारी बाजूंनी खोल्या, दाराला उंच उंबरठा, आत शिरल्याबरोबर घरातले काही दिसू नये म्हणून समोर आडवी भिंत. आपल्या पेठांतल्या वाड्यांत वाढलेल्या माणसाला तिथे भाषा कळत नसूनही घर कळते. त्यांतल्या काही घरांची आता छोटी हॉटेले झाली आहेत. न्हाणीघर जरा अरुंद असते, भिंतींना थोडी ओल असते. पण जिने चढावे लागत नाहीत, आणि सकाळी चौकातल्या झाडाखाली चहा पिता येतो. तिथे पोहण्याचा तलाव नाही, हे कबूल.

ऐकायला जायचे नाटक

आता संध्याकाळचे साडेसात वाजले आहेत, असे समजा. चांगआन नाट्यगृहात पुढच्या काही रांगांच्या जागी चौकोनी टेबले आणि जुन्या वळणाच्या खुर्च्या मांडलेल्या आहेत. चहा, सुकामेवा, बिया येतात. पूर्वीची चिनी नाट्यगृहे म्हणजे चहाघरेच असत, त्याची ही आठवण. जुना बीजिंगकर 'नाटक पाहायला जातो' असे म्हणत नसे. 'ऐकायला जातो' असे म्हणे. बालगंधर्वांच्या नाटकाला निघालेल्या आपल्या आजोबांनी तरी दुसरे काय म्हटले असते?

पडदा वर जातो आणि रंगमंचावर काय दिसते? एक टेबल आणि दोन खुर्च्या. बस्स. हेच टेबल राजवाडा होते, डोंगर होते, न्यायासन होते. नटाच्या हातात गोंडे लावलेली काठी आली की तो घोड्यावर बसला. वल्हे आले की होडीत. दार नसते, पण तो कडी काढतो, उंबरठा ओलांडतो, पुन्हा लावून घेतो. आपल्या नारदाने चिपळ्या वाजवत एक गिरकी घेतली की तो स्वर्गातून पृथ्वीवर आला हे ज्यांनी निमूट मान्य केले, त्यांना हे समजायला दुभाषी कशाला हवा?

भूमिकांचे चार मोठे वर्ग. शेंग म्हणजे पुरुष, दान म्हणजे स्त्री, जिंग म्हणजे चेहरा रंगवलेला बलदंड वीर किंवा अधिकारी, आणि चौ म्हणजे नाकाभोवती पांढरा ठिपका लावलेला विदूषक. रंगांना अर्थ आहे. लाल म्हणजे निष्ठा, पांढरा म्हणजे कपट, काळा म्हणजे करारी सरळपणा. काळ्या चेहऱ्याचा बाओ झेंग हा न्यायाधीश पाहिला आणि मला एकदम आपले रामशास्त्री प्रभुणे आठवले. बाओ झेंगच्या एका प्रसिद्ध नाटकात, पहिल्या बायकोला टाकून राजाचा जावई झालेल्या माणसाला तो शिक्षा देतो. राजघराणे मधे पडते. शास्त्रीबुवा हटत नाहीत. गोष्ट आधी वाचून गेले की बाजूच्या पाटीवर उमटणाऱ्या अक्षरांकडे डोळे लावून बसावे लागत नाही. ती अक्षरे केवळ परदेशी लोकांसाठी नसतात. पदांची भाषा जुनी आणि स्वर ताणलेले. त्यामुळे चिनी प्रेक्षकही ती वाचत असतो. आपल्या नाट्यपदांतले संस्कृत समास कुणाला एका ऐकण्यात कळत होते?

आणि तो 'गोंगाट'? त्याचे एक गणित आहे. वाद्यमंडळाचा म्होरक्या असतो तो छोटा ढोल आणि लाकडी टाळ्या वाजवणारा. त्याच्या खुणेवर झांजा आणि घंटा चालतात. नटाचे पाऊल, नजर, मानेचा झटका यांना तो ठेका धरून असतो. पात्र विचारात पडले की एक बोल, रागावले की दुसरा. लावणीतली ढोलकी पायांशी बोलते तसेच हे. गाणे सुरू झाले की झांजा मागे सरतात आणि जिंगहू नावाचे बांबूचे, दोन तारांचे, चढ्या आवाजाचे वाद्य गळ्याला चिकटून चालू लागते. पहिली दहा मिनिटे कान कुरकुरतो. विसाव्या मिनिटाला त्याला सूर सापडतो. तासाभराने शेजारचे म्हातारे गृहस्थ एका तानेच्या शेवटी 'हाओ!' म्हणून ओरडतात, आणि आपल्या तोंडून नकळत 'वा!' निघून जाते. पाऊण तासाच्या कार्यक्रमात कानाला ही सवलतच मिळत नाही. कुरकुर संपायच्या आत बसचा भोंगा वाजतो.

आम्ही पाहिलेल्या प्रवेशांपैकी एकाचा उल्लेख या लेखात करायलाच हवा, कारण तो हॉटेलातच घडतो! 'तीन रस्त्यांचा फाटा' अशा अर्थाचे त्याचे नाव. एका खानावळीत रात्री एक वाटसरू उतरतो. खानावळीच्या मालकाला वाटते, हा आपल्या सरदाराला मारायला आला. वाटसरूला वाटते, हाच मालक त्या सरदाराच्या जिवावर उठला आहे. वास्तविक दोघेही त्याचेच रक्षण करायला निघालेले! काळोखात दोघांची झटापट होते. रंगमंचावर मात्र लख्ख उजेड असतो. तलवार नाकासमोरून जाते, दोघेही चाचपडतात, एकमेकांच्या अंगावर आपटतात, आणि हजारभर माणसे उजेडात बसून काळोख पाहतात. आमच्या पुढच्या टेबलावरचा सात-आठ वर्षांचा चिनी मुलगा हसून हसून खुर्चीवरून घसरत होता. मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी याच प्रवेशापासून सुरुवात करावी.

मेई लानफांग आणि नारायणराव

आपले नाते सर्वांत दाट होते ते एका नावापाशी. मेई लानफांग. जन्म १८९४, मृत्यू १९६१. चिनी रंगभूमीवर स्त्रीभूमिका करणारा सर्वांत मोठा पुरुष नट. आपले नारायणराव राजहंस, म्हणजे बालगंधर्व, १८८८ साली जन्मले आणि १९६७ साली गेले. दोघांच्या आयुष्यांची वर्षे जवळजवळ एकमेकांवर बसतात. इकडे १९११ साली 'मानापमान'मधली भामिनी, १९१६ साली 'स्वयंवर'मधली रुक्मिणी, १९१९ साली 'एकच प्याला'मधली सिंधू गाजत होती. तिकडे त्याच काळात मेई लानफांग सम्राटाच्या लाडक्या राणीचा मद्यधुंद विरह आणि युद्धात घेरल्या गेलेल्या राजासमोरचा राणीचा शेवटचा तलवारनाच रंगवत होते. इकडच्या बायका नारायणरावांचे पातळ नेसणे पाहून घरी तसे नेसत. तिकडे लांब पांढऱ्या बाह्यांची एक लाट मेईंच्या मनगटावरून उतरली की प्रेक्षागृह श्वास रोखून बसे. दोघांनी एकमेकांना कधी पाहिल्याचे माझ्या वाचनात नाही. पाहिले असते तर भाषेवाचून दोघांना एकमेकांचे सारे कळले असते, याबद्दल मला शंका नाही.

मेई लानफांग १९१९ साली जपानला, १९३० साली अमेरिकेला, १९३५ साली रशियाला आपली मंडळी घेऊन गेले. मॉस्कोत त्यांचा प्रयोग जर्मन नाटककार ब्रेख्त यांनी पाहिला आणि त्यावरून पाश्चात्त्य रंगभूमीवर पुढे पुष्कळ विचार झाला. परंतु मला मेईंची जी गोष्ट सर्वांत मोठी वाटते ती रंगमंचावरची नव्हे. जपान्यांनी हाँगकाँग घेतले तेव्हा ते तिथे होते. जपानी अधिकाऱ्यांपुढे नाटक करायचे नाही, म्हणून त्यांनी मिशा वाढवल्या. स्त्रीभूमिकेच्या नटाने मिशा वाढवणे म्हणजे गवयाने गळा बांधून ठेवणे. युद्ध संपेपर्यंत, १९४५ पर्यंत, ते रंगमंचावर उभे राहिले नाहीत. त्याच काळात, त्याच युद्धात, सोलापूरचा एक तरुण डॉक्टर हपेइच्या खेड्यांतून जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करत होता. बीजिंगमध्ये हुगुओसी रस्त्यावरचे मेईंचे चौसोपी घर १९८६ पासून संग्रहालय आहे. ते पाहावे आणि मग शिजियाझुआंगची गाडी पकडावी. एका युद्धाला दोन माणसांनी दिलेली दोन उत्तरे एका सहलीत पाहून होतात.

शिजियाझुआंगला मुक्काम केलात तर आणखी एक लाभ. हपेइ प्रांताची आपली स्वतंत्र गायननाट्याची परंपरा आहे, हपेइ बांगझी. 'बांगझी' म्हणजे तालासाठी आपटायची लाकडी टाळी. या शैलीचा आवाज बीजिंगच्या नाटकापेक्षा मोकळा आणि रांगडा. शहरी बैठकीनंतर गावजत्रेतला फड ऐकावा तसा.

हुकमाने बंद आणि आपोआप बंद

हे सारे पाहताना एक विचार मनातून जात नव्हता. १७९० साली सम्राट छियानलोंगच्या ऐंशीव्या वाढदिवसानिमित्त आन्हुइ प्रांतातून नाटक मंडळी राजधानीत आल्या. तिथून या शैलीची सुरुवात धरतात. म्हणजे वय सव्वादोनशेच्या पुढे. १९६६ ते १९७६ या सांस्कृतिक क्रांतीच्या दशकात जुनी नाटके रंगमंचावरून घालवली गेली. राजे, राण्या, सरदार, सारे हद्दपार. सरकारने पसंत केलेले मोजके आठ 'आदर्श' प्रयोग तेवढे चालत. दहा वर्षे म्हणजे नटाच्या उमेदीची सबंध वर्षे. तरीही हुकूम उठल्याबरोबर जुनी नाटके परतली, कारण ती पाठ असलेले नट शिल्लक होते आणि ती ऐकायला आतुर झालेले कान शिल्लक होते. २०१० साली युनेस्कोने या कलेला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले.

तिकडेही सारे आलबेल आहे असे नाही. तरुणांच्या हातात मोबाईल आहे, आणि पर्यटकांसाठी तासाभराचे तुकडे करून विकणारे तिथेही आहेत. निवडक प्रवेशांचा कार्यक्रम ही तशी तिथली जुनीच रीत. पण ज्यांना सबंध नाटक पाठ आहे अशा प्रेक्षकांसाठी ती होती. कथा माहीत असलेल्याला तुकडा दाखवला तर त्याला सबंध चित्र आठवते. माहीत नसलेल्याला तोच तुकडा दाखवला तर त्याला चिंधीच दिसते.

आता आपल्याकडे पाहा. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतल' रंगमंचावर आणले, त्याला जवळपास दीडशे वर्षे होत आली. आपली संगीत नाटके कुणी हुकूम काढून बंद केली नाहीत. १९३२ साली मराठी बोलपट आला, नाटक मंडळ्या कर्जात बुडाल्या, रात्रभराची नाटके तीन तासांवर आली, पदे कमी झाली. मधून मधून ज्योत वर येत राहिली. १९६७ साली 'कट्यार काळजात घुसली' आले. त्यातल्या झरीनाचे, मूळच्या सोलापूरच्या असलेल्या फैयाज यांचे गाणे सोलापूरकर अभिमानाने ऐकत आले. शिलेदार कुटुंबाने तर आयुष्ये या कलेला वाहिली. आजही गोव्यात, रत्नागिरीला, राज्य संगीत नाट्यस्पर्धेत मंडळी हौसेने उभी राहतात. परंतु आपण, प्रेक्षक म्हणवणारे, कुठे असतो? आपण 'नाट्यगीतांच्या कार्यक्रमा'ला असतो. निवेदक दोन विनोद सांगतो, गायक खुर्चीत बसून पद म्हणतो, टाळ्या पडतात, दुसरे पद. हे पद कोण कुणाला म्हणते, कोणत्या प्रसंगी म्हणते, त्याआधी रंगमंचावर काय घडले, हे विचारले तर आमच्या पिढीतलेही पुष्कळ जण गप्प होतील. आमच्या मुलांना तर पदामागे नाटक असते हेच नवे वाटते. बीजिंगच्या पर्यटकांना पाऊण तासाचे तुकडे देणाऱ्यांना आपण नावे ठेवतो. आपल्याच नाटकाला आपण पर्यटकासारखे भेट देऊ लागलो आहोत, ते कुणाला सांगावे?

म्हणून हॉटेलची ही गोष्ट मला दिसते तितकी क्षुल्लक वाटत नाही. मुक्काम कुठे करायचा यातच आपण कशासाठी आलो आहोत हे ठरते. व्हिएन्नाला जाणाऱ्याने तिथल्या ऑपेराच्या आसपास राहावे. उभे राहून पाहण्याच्या स्वस्त जागा तिथे मिळतात, आणि तीन तास उभे राहिल्यावर खोली जवळ असणे काय चीज आहे ते कळते. टोकियोच्या काबुकी नाट्यगृहात एकाच अंकाचे तिकीट काढण्याची सोय आहे. मुक्काम जवळ असला तर आज एक अंक आणि उद्या दुसरा, असे रमतगमत पाहता येते. कुठेही जा, दिवस दुकानांना आणि राजवाड्यांना द्या, पण निदान दोन संध्याकाळी त्या गावच्या माणसांमध्ये बसून, त्यांच्या वेळेने, त्यांचे एक सबंध नाटक ऐका. हॉटेलचा एखादा स्टार कमी पडला तरी हरकत नाही.

आणि जाण्यापूर्वी घरच्या मंडळींना, नातवंडांसकट, एक सबंध संगीत नाटक दाखवा. नांदीपासून भरतवाक्यापर्यंत, मधे न उठता. आपल्या शहरात प्रयोग लागला की हुतात्मा स्मृती मंदिर शुक्रवार पेठेपासून काही लांब नाही. रिक्षाने दहा मिनिटे. तिथे कान तयार झाला की बीजिंगच्या झांजांची भीती वाटत नाही. शेंगाची चटणी मात्र बरोबर असू द्या. नाटक सुटून मुक्कामी परतल्यावर रात्री दहा वाजता भूक लागते, आणि त्या वेळी जवळचे हॉटेल आणि घरची चटणी यांच्यासारखे सुख नाही.